वाकडा घेर

माझ्या कपाटात सध्या एकही सरळ कुर्ता नाही. एकाचा घेर डावीकडे गुडघ्यापर्यंत, तर उजवीकडे पार पोटरीपर्यंत. दुसऱ्याचा गळा तिरका जाऊन काखेपाशी बंदाने बांधायचा. आईच्या मते हे सगळे "शिंप्याने बिघडवलेले" कपडे!

आवड हा भाग आहेच, पण खरं कारण वेगळं. माझा पाठीचा कणा एका बाजूला बाकदार आहे. स्कोलिओसिस. एक्स-रेमध्ये बाकाचा कोन १० अंश किंवा जास्त भरला की डॉक्टर हे नाव देतात. माझं तेराव्या वर्षी कळलं. वयात येताना होणाऱ्या या बाकाचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही, तसं माझंही सापडलं नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. दुखत नाही फारसं. पण सरळ शिवलेला कुर्ता घातला की चुगली झालीच. उजवीकडे घेर इंचभर वर चढतो, बटणपट्टी भलतीकडेच जाते. आमचे शिंपीकाका वर्षानुवर्षं न विचारता डाव्या खांद्यात पॅड घालून द्यायचे.

तिरक्या कुर्त्यात चुगली करायला सरळ रेषाच उरत नाही. एवढंच की दोन बाजूंतला फरक चांगला वीतभर हवा. इंचाचा फरक चूक वाटतो, वीतभराचा ठरवून केलेला वाटतो.

गंमत म्हणजे आईला हे माझ्या आधीच ठाऊक होतं. 'बघायला' मंडळी यायची तेव्हा ती मला ड्रेस घालू द्यायची नाही, साडीच नेसवायची. डावा खांदा पदराखाली गेला की उजव्याशी तुलना कोण करणार? साडीइतकी वाकडी वस्तू नाही दुसरी. गुजराती पद्धतीत तोच पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. जुन्या बाराबंदीचे बंद एका बाजूला. बुद्धाच्या कितीतरी मूर्तींमध्ये चीवर एकाच खांद्यावर असतं, उजवा उघडा. आपल्याला हे कधी विचित्र वाटलं नाही.

रेई कावाकुबो या जपानी डिझायनरने १९९७ च्या वसंत-उन्हाळ्यासाठी केलेल्या कपड्यांमध्ये पाठीवर, खांद्यावर, कमरेवर चक्क गाद्या भरल्या होत्या. टेंगळं आल्यासारख्या! लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. मी मात्र ते फोटो बराच वेळ बघत बसले. शिंपीकाकांनी पॅड घातलं ते लपवायला, या बाईंनी घातलं ते दाखवायला.

मग मी नक्की काय करते, लपवते की मिरवते? खरं सांगायचं तर दिवसावर अवलंबून आहे. आजवर या प्रश्नाने मला कधी छळलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात भाचीचा एक्स-रे आला. तोच बाक, तेच वय. आता दिवसाचे बरेच तास ब्रेस घालायचाय. परवा माझ्या कुर्त्याचं टोक हातात धरून विचारत होती, "मावशी, असा घातला की कळत नाही ना?"

"कळत नाही," म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण पुरेसंही नव्हतं. तिने आयुष्यभर फक्त 'कळू नये' म्हणून कपडे निवडावेत असं मला वाटत नाही. म्हणून या रविवारी तिला शिंपीकाकांकडे नेणार आहे. कापड ती निवडेल, लांब बाजू कुठली तेही तीच सांगेल. आणि पॅड हवं की नको, हे यावेळी काकांनी तिला विचारायचं, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.