मास्तर आणि मास्टरमशाय

एकच शब्द दोन भारतीय भाषांत गेला म्हणजे दोन्हीकडे त्याचे नशीब सारखेच राहते असे नाही. इंग्रजीतील 'मास्टर' मराठीत 'मास्तर' झाला. बंगालीत त्याला 'मशाय' हे आदराचे पद जोडले गेले. शांतिनिकेतनात रवींद्रनाथ हे 'गुरुदेव' आणि नंदलाल बसू हे 'मास्टरमशाय'. या दोन संबोधनांत फार अंतर आहे असे तेथे कोणाला वाटत नसे. मराठी शाळेतला 'ड्रॉइंग मास्तर' मात्र गणिताचे, इंग्रजीचे, शास्त्राचे अशा सर्व मास्तरांची नावे घेऊन झाल्यावर आठवावयाचा. त्याच्याविषयी शाळेत प्रेम असे, कौतुकही असे. पण त्याच्या विषयात कोणी नापास होत नसल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन नसे.

या दोन शब्दांतील अंतराचा विचार मी गेली काही वर्षे करीत आले आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला असे करण्याची खोडच असते. प्रथम मला वाटे की, हे अंतर बंगाली आणि मराठी समाजांच्या कलाविषयक आस्थेतील अंतर असावे. पण हे उत्तर फार सोपे आहे, आणि महाराष्ट्रातील चित्रपरंपरेकडे पाहता ते न्याय्यही नाही. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले आणि १८९३ पासून तेथे चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा क्रमही होता. म्हणजे कलाभवनाची स्थापना १९१९ साली झाली, त्याच्या पाव शतक आधी मुंबई इलाख्यात चित्रकला शिक्षक रीतसर तयार होऊ लागला होता. अंतराचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे.

ते मूळ मला माझ्या मामांच्या आयुष्यात सापडते. मामा कृष्णाकाठच्या एका गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक होते. त्या शाळेत मराठीचे चार शिक्षक, गणिताचे तीन. चित्रकलेचे मामा एकटे. भाषेच्या शिक्षकांना एखाद्या कवितेच्या अर्थाविषयी शंका आली तर शिक्षकखोलीत शेजारच्या खुर्चीला विचारता येई. मामांच्या शेजारची खुर्ची या अर्थाने जन्मभर रिकामी राहिली. मुलांच्या जलरंगात चिखल का होतो, सातवीपर्यंत मोकळेपणाने चित्र काढणारा मुलगा आठवीत एकाएकी पट्टी का मागू लागतो, हे प्रश्न विचारावयाचे कोणाला? शाळेला त्यांची आठवण येई ती फळ्यावर सुविचार लिहिण्यासाठी, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगविण्यासाठी आणि परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला देण्यासाठी. मामा हे सर्व हसतमुखाने करीत. त्यांना उपेक्षेचे दुःख होते असे मला वाटत नाही. त्यांना दुःख होते ते निराळेच. ते एकदा म्हणाले होते, "वीस वर्षं मी फळ्यावर तोच डोंगर काढतोय गं. तो चुकलाय असं सांगणारं कोणी भेटलं नाही."

हे वाक्य मला कलाशिक्षकांविषयीच्या सगळ्या अहवालांहून महत्त्वाचे वाटते. एकट्या माणसाला चूक दाखविणारे कोणी नसते, आणि म्हणून त्याची वाढही होत नाही. विद्यार्थी त्याला चूक दाखवू शकत नाहीत, मुख्याध्यापकांना ती दिसत नाही, आणि पाहुणे तर स्तुतीच करतात.

वर्षातून एकदा मात्र मामांचा हा एकांत मोडे. शासकीय रेखाकला परीक्षांच्या, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या, उत्तरपत्रिका तपासण्यासाठी त्यांना बोलावणे येई. ते दिवस म्हणजे त्यांची वारी होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचे गठ्ठे, आणि भोवती आपल्याच विषयाचे शिक्षक: कोणी कोकणातले, कोणी मराठवाड्यातले, प्रत्येकजण आपापल्या शाळेत एकटा. तेथून परतल्यावर मामा चार दिवस वेगळेच असत. एका वर्षी त्यांनी आम्हाला एका स्मरणचित्राची हकीकत सांगितली. विषय आठवडी बाजाराचा होता. बहुतेक मुलांनी नेहमीप्रमाणे समोर भाजीवाली, मागे झाड आणि बाजूला पिशवी घेतलेला माणूस काढला होता. एका मुलाच्या किंवा मुलीच्या कागदावर मात्र बाजार असा जवळजवळ नव्हताच. होते ते लुगड्यांचे काठ, पायांची दाटी, तराजूची खालून दिसणारी पारडी आणि एक घट्ट धरलेला हात. एका परीक्षकाने विषय स्पष्ट नाही म्हणून गुण कापले. दुसऱ्याने हरकत घेतली: आईचे बोट धरून गेलेल्या मुलाला बाजार एवढ्याच उंचीवरून दिसतो, मग स्मरणचित्र म्हणजे आणखी काय? जेवणाचे डबे तसेच राहिले आणि वाद संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी मधली श्रेणी देऊन तो मिटविण्यात आला. मामा स्वतः पहिल्या परीक्षकाच्या बाजूचे होते. पण गावी आल्यावर त्यांनी पुढच्याच आठवड्यात मुलांना बाकावर उभे केले, नंतर जमिनीवर बसविले, आणि तोच वर्ग दोन्ही ठिकाणांहून काढावयास सांगितले. फळ्यावरचा डोंगर त्या वर्षीपासून बंद झाला.

वास्तविक या परीक्षांवर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती निराधार नाही. वसाहतकाळात येथे आलेल्या चित्रकला शिक्षणात अचूक नक्कल, स्वच्छ रेषा आणि भूमिती यांना नको तेवढे महत्त्व होते. साचेबंद संकल्पचित्रे वर्षानुवर्षे त्याच वर्तुळात तीच पाने बसवीत राहिली. आता या परीक्षेतील यशाबद्दल दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने तिच्याकडे येणाऱ्या सर्वांनाच चित्राची ओढ असते असे म्हणता येणार नाही. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. जिने मुलांना साच्यात घातले त्याच परीक्षेने शिक्षकांना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एका टेबलाभोवती बसविले. मामा त्या साच्यातून बाहेर पडले ते त्याच टेबलावरच्या भांडणामुळे.

येथे मला पुन्हा शब्दांकडे वळावेसे वाटते. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई एकत्र बांधण्याची जागा; त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे मंडळींनी एकत्र जमणे आणि त्यांचे संभाषण. हिंदीने हा शब्द विद्वानांच्या चर्चेसाठी राखला. बंगालीत तो समूहाचा, गटाचा वाचक झाला. जुन्या मराठीत तो 'गोठी' होता आणि आज आपल्याकडे 'गोष्ट' आहे. म्हणजे आपण जमावातून निघालेले बोलणे ठेवले, जमाव मात्र शब्दातून निघून गेला. भाषेच्या इतिहासावरून समाजाचा इतिहास सिद्ध होत नाही, हे वाचकांना सांगावयास नको. तरीही मराठी कलाशिक्षकाच्या वाट्याला जे आले ते असेच आहे: त्याच्याजवळ गोष्टी पुष्कळ आहेत, गोष्ठी नाही.

नंदलालांचे वैशिष्ट्य या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. ते मोठे चित्रकार होते म्हणून 'मास्टरमशाय' झाले, एवढेच त्याचे कारण नसावे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची गोष्ठी कधी मोडू दिली नाही. विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना ते पोस्टकार्डे पाठवीत आणि त्यांवर चित्र असे: एखादे झाड, एखादा प्राणी, चार-दोन फटकाऱ्यांत उतरलेला माणूस. त्यांचे विद्यार्थी देशभर शाळांतून गेले. सुधीर खास्तगीर १९३६ साली देहरादूनच्या डून स्कूलमध्ये कलाशिक्षक झाले. मराठी चित्रकार विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि तेथेच शिकवू लागले. देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत, विदर्भातील मुलांच्या संगतीत, त्यांनी जे पाहिले त्यातून बालकलेविषयीचे त्यांचे लेखन आणि पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेले 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हे पुस्तक निर्माण झाले. यांतील प्रत्येकजण आपल्या शाळेत संख्येने एकटाच असणार. पण आपण एका पंगतीतले आहोत ही जाणीव बरोबर घेऊन तो तेथे गेला होता. पोस्टकार्डावरचा एक बगळा ही जाणीव टिकविण्यास पुरेसा होतो.

आज कलाशिक्षकाविषयी कागदोपत्री बरेच चांगले लिहिले गेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे असे सुचविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलेसाठी शिक्षक नेमण्याची तरतूद आहे, पण तो शिक्षक 'अंशकालीन' आहे. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे, लहान शाळांच्या एकाकीपणाची दखल घेतली आहे आणि शाळांचे संकुल करून कलेचे, संगीताचे शिक्षक त्यांत वाटून घ्यावेत असेही म्हटले आहे. हेतू स्तुत्यच आहे. पण चार शाळांत वाटला गेलेला शिक्षक चार ठिकाणी एकटा पडण्याचीच शक्यता अधिक. मामांना निदान एक शिक्षकखोली होती, चहाचा एक ठरलेला कप होता. अंशकालीन शिक्षकाला तेवढेही मिळेल की नाही, याची मला चिंता वाटते.

पन्नास तास कसे भरावयाचे हा खरा प्रश्न आहे. सर्व विषयांच्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून मूल्यमापनावर व्याख्यान ऐकविले, तर तास भरतील आणि कलाशिक्षक होता तसाच घरी जाईल. त्याऐवजी तालुक्यातील दहा-बारा कलाशिक्षकांनी सत्रातून एकदा एखाद्या शाळेत जमावे. प्रत्येकाने मुलांची तीन चित्रे आणि स्वतःचे एक आणावे. चित्रे जमिनीवर मांडावीत आणि त्यांविषयी बोलावे. मुलांच्या तिन्हींपैकी एक तरी असे असावे की ज्याचे काय करावे हे आणणाऱ्याला कळलेले नाही. स्वतःचे चित्र आणण्याची अट मी मुद्दाम घालते. जो शिक्षक स्वतः काढीत नाही त्याचा डोळा हळूहळू परीक्षकाचा होतो, आणि कलाशिक्षकावर शाळेच्या कामांचा असा भार असतो की स्वतःसाठी काढणे तो कधी सोडून देतो हे त्यालाही कळत नाही. या बैठकीस अध्यक्ष नको, प्रास्ताविक नको, आभारप्रदर्शनही नको. तिचे तास मात्र त्या पन्नासांत मोजले जावेत, आणि त्या दिवसाचा प्रवासखर्च शिक्षकाच्या खिशातून जाऊ नये.

हे वाचणारे बहुतेक साहित्याचे अभ्यासक आहेत. त्यांना हा विषय दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या विभागांतूनही एखाद्या भाषेचा अध्यापक अनेकदा एकटाच असतो. त्याचे भाषांतर तपासणारा, त्याच्या अन्वयार्थावर हरकत घेणारा दुसरा कोणी त्या इमारतीत नसतो. आपल्याकडे निदान परिसंवाद आहेत, नियतकालिके आहेत, आणि लेखावर उलट लेख येण्याची आशा आहे. आडगावच्या शाळेत आज नव्याने रुजू होणाऱ्या मुलीला यांतले काहीच नाही. हातात खडू घेऊन ती फळ्यावर पहिला डोंगर काढील. तो चुकला आहे हे तिला वीस वर्षांनी कळावे की येत्या दिवाळीपूर्वी, हे तिच्या कलागुणांवर फारसे अवलंबून नाही. तिच्यासारखे दहाजण तिला किती लवकर भेटतात, यावर ते अवलंबून आहे.