डी ड्राइव्हमध्ये बागेची वही होती

आज नोंद बागेची नाही, बागेच्या वहीची आहे.

भावकीतली एक सून द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी लॅपटॉपवर ठेवते. कोणत्या तारखेला कुठलं औषध, मात्रा किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं. माल एक्स्पोर्टला द्यायचा तर हे लागतंच. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. चालू होईस्तोवर चहा पिऊन होतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. नवा घ्यायला यंदा पैसे नाहीत. माझ्याकडं लिनक्स मिंट चालतं हे तिला माहीत, म्हणून तिनं पेनड्राइव्ह तयार केला. पण तीन दिवस झाले, पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडायचं. रडकुंडीला येऊन माझ्याकडं आली.

अडचण छोटी होती. लॅपटॉप चालू करताच एफ१२ दाबत राहायचं, मग पेनड्राइव्ह निवडायचा. (काही कंपन्यांची बटणं वेगळी असतात.) मिंट उघडलं. एक्सएफसीई प्रकार घेतला होता, तो जुन्या मशीनला हलका पडतो. काही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय दिसेना, तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला. झालं.

इथवर माऊस माझ्या हातात होता आणि ती नुसती बघत होती. मग वाटलं, छाटणी शिकवताना कात्री आपणच धरली तर समोरच्याला काय येणार? खुर्ची तिला दिली.

पुढच्या पानावर 'इरेज डिस्क' असा पर्याय आला. मी म्हटलं, "दाब." ती थांबली. "काका, इरेज म्हणजे पुसणं ना? माझ्या नोंदी डी ड्राइव्हला आहेत."

मी म्हणणार होतो, डी ला काही होत नाही. विंडोज फॉरमॅट करताना आपण नुसता सी पुसतो, तीच सवय. पण इथं आख्खी डिस्क जाते, सी काय अन् डी काय. छाटणीपासूनच्या सगळ्या फवारण्या एका बटणावर गेल्या असत्या. माझ्या अंगावर काटा आला. माऊस माझ्याकडं असता तर मी दाबून मोकळा झालो असतो.

इन्स्टॉल बंद केलं. तिथूनच डी ड्राइव्ह उघडून नोंदी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. तिनं तो माझ्या कॉम्प्युटरला लावून प्रत्येक फाईल उघडून बघितली. मगच पुसलं. आता त्याच एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात आणि कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडल्यावर टायपिंगही होतं.

कुणाला बसवायचं असेल तर आधी नोंदींची कॉपी घ्या, ती उघडून बघा. आणि शिकवणार असाल तर माऊस शिकणाऱ्याच्या हातात द्या. तो हळू चालतो, पण वाचून चालतो.

काल संध्याकाळी तिनं करप्याची फवारणी स्वतःच नोंदवली. मला हाक मारली नाही.