उलटे आटे

गेल्या शनिवारी आमच्या आजोबांची गाडी गेली. गेली म्हणजे विकली.

आजोबा म्हणजे माझे घरमालक. इथे मिशिगनमध्ये सगळे त्यांना नावानेच हाक मारतात. मलाही त्यांनी शंभरदा सांगून पाहिलं, पण ८० वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला आपली जीभ वळत नाही राव! म्हणून तोंडावर 'सर' आणि मनात 'आजोबा'.

गाडी १९६७ ची डॉज डार्ट. चार दारांची, फिकट निळी. आजोबा तेव्हा हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' कारखान्यात कामाला होते. गाडीही तिथलीच. १९८० मध्ये कारखाना बंद झाला, नंतर पाडलाही. गाडी मात्र राहिली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून सडतात. म्हणून पहिला बर्फ पडला की डार्ट गॅरेजमध्ये, ती थेट वसंतातच बाहेर.

चार वर्षं मी त्यांचा बिनपगारी हेल्पर. पहिल्याच दिवशी डावीकडचं चाक काढायला सांगितलं. मी पान्यावर अक्षरशः उभा राहिलो, नट ढिम्म. आजोबा शांतपणे कॉफी पीत होते. मग म्हणाले, "अरे, तू घट्ट करतोयस." त्या काळच्या डॉजला डावीकडच्या चाकांचे आटे उलटे असतात! इंजिनिअरिंगची डिग्री गेली पाण्यात...

एकदा मी सांगितलं की आमच्या मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज गाड्याही जोडत असत. केवढे खूश झाले! "म्हणजे तू घरचाच की."

या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. पाट्या दिसेनात. त्यांनी आधी मलाच विचारलं, अगदी निम्म्या किमतीत. मी नाही म्हणालो. एच-वन बीवर आहे, नोकरी गेली तर फार तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा, गाडी कुठे ठेवू? कारण खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. ज्याने एक फोन दोन वर्षांच्या वर वापरला नाही, त्याला ५० वर्षं सांभाळलेली वस्तू हातात घ्यायची भीती वाटली. आजोबा फक्त "बरं" म्हणाले.

मग आम्ही केटी डॉक्युमेंट केलं. ऑफिसात नोकरी सोडणाऱ्याकडून लिहून घेतात ना, तसंच. ते सांगत होते, मी टाइप करत होतो. इंजिन ३० अंशांत कललेलं आहे, घाबरू नये. चावी फिरवल्यावर सुरू होऊन चावी सोडताच बंद पडली, तर बॅलस्ट रेझिस्टर गेला समजावं. जादाचा डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. व्हॉल्व्हची टकटक थोडी ऐकू आलीच पाहिजे, आवाज अजिबात नसेल तर काळजी करावी. दोन पानं झाली. मी म्हटलं, अजून काही? ते बराच वेळ गप्प. "बाकीचं हाताला कळतं," म्हणाले.

पहिला गिऱ्हाईक पूर्ण पैसे द्यायला तयार होता, पण त्याला आत व्ही-एट इंजिन बसवायचं होतं. आजोबांनी त्याला सरळ वाटेला लावलं. शनिवारी तिशीतली एक मुलगी आली. गाडीभोवती फिरली, डाव्या चाकाशी वाकली आणि म्हणाली, "हे उलटे, ना?" आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे. किमतीतले ५०० डॉलर त्यांनी आपणहून कमी केले.

मिशिगनमध्ये नंबर प्लेट विकणाऱ्याकडेच राहते. ती काढताना स्क्रू त्यांना दिसेना, म्हणून मी काढून दिली. गाडी वळणाआड गेली तरी ते कान देऊन उभे होते.

असो. आज सकाळी गॅरेज झाडायला गेलो. इंजिनखाली तेल ठिबकायचं तिथे अंथरलेला पुठ्ठा अजून तसाच आहे. "उचलू का?" विचारलं. म्हणाले, "राहू दे आज."