आधी ताट, मग पाहुणा

मासा पाळायचा म्हटलं की आपण आधी टाकी बघतो, मग मासा निवडतो आणि त्याच्या खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करतो. दुकानदार एक डबी देतो, आपण रोज चिमूटभर टाकतो, झालं. पण समुद्रातले काही मासे असे आहेत, की डबीतलं खाणं समोर पडलं तरी ते उपाशी राहतात. ते खाण्यासारखं काही आहे, हेच त्यांना कळत नाही. अशाच एका माशासाठी आमच्या घरी वर्षभरापासून जेवणाची तयारी चालू आहे. मासा मात्र अजून आलेला नाही.

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो. इथून विशाखापट्टणमचा समुद्र रस्त्याने ५०० किलोमीटरहून जास्त लांब. तरीही माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मागे लागून खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आहेत. लहान मुलं त्यांना 'निमो' म्हणून ओळखतात. ते बिचारे साधे, दिलेलं सगळं खातात. मग एक दिवस भावाने मोबाइलवर मँडरिन मासा पाहिला. बोटभर लांब, निळ्या अंगावर नारिंगी वळणदार रेघा, पैठणीच्या पदरावर असावी तशी नक्षी. त्याला तोच हवा होता.

मी घरूनच कंटेंट रायटिंगचं काम करते आणि इंग्रजी घेऊन बीए केलंय, त्यामुळे घरात इंग्रजी माहिती वाचायचं काम माझ्याकडेच येतं. वाचलं ते असं: मँडरिन दिवसभर दगडांवरून फिरत अगदी बारीक जिवंत जीव टिपतो, आणि त्यात मुख्य असतात कोपेपॉड. लहान टाकीत असतील नसतील तेवढे कोपेपॉड तो थोड्याच दिवसांत संपवतो. मग त्याचं पोट खपाटीला जातं. विकत आणलेले कितीतरी मँडरिन असेच, भरल्या टाकीत भुकेने मरतात.

बाबांनी ऐकून घेतलं आणि भावाला एकच अट घातली. "आधी त्याचं खाणं वर्षभर घरी पिकवून दाखव. मग मासा."

आता हे कोपेपॉड म्हणजे काय? कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले हे जीव, बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे किंवा त्याहूनही लहान. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. बाटली उजेडासमोर धरली तर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात. पण या ठिपक्यांवर अर्धा समुद्र जगतो. पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ ते खातात आणि त्यांना मासे खातात. कोकणातला बांगडा असाच बारीक जिवांवर वाढतो आणि त्यात कोपेपॉड भरपूर असतात. आपल्या गोड्या पाण्यातही त्यांचे भाऊबंद आहेत. तलावात मत्स्यजिरे सोडण्याआधी मासे पाळणारे लोक पाण्यात शेण घालतात, ते याचसाठी. शेणखताने शेवाळ वाढतं, शेवाळावर हे जीव वाढतात आणि त्यांच्यावर रोहू-कटल्याची पिल्लं.

आम्ही दिवाळीनंतर, थंडी सुरू झाल्यावर, टिस्बे नावाच्या कोपेपॉडची एक छोटी बाटली कुरिअरने मागवली. ही जात चिवट असते आणि तळाशी, काचेवर सरपटत राहते, म्हणून नवख्यांना बरी. पाच लिटरच्या बरणीत आरओचं पाणी घेतलं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ विरघळवलं. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आहे ना, ते मोजून घेतलं. हवेच्या पंपाची नुसती नळी आत सोडली, सावकाश मोठे बुडबुडे येतील इतपतच. जोराच्या बुडबुड्यांनी हे जीव आदळतात.

त्यांचं खाणं म्हणजे सूक्ष्म हिरवं शेवाळ. तेही आम्ही दुसऱ्या बाटलीत वाढवतो, दिव्याच्या उजेडात, थोडं द्रवखत घालून. बरणीतलं पाणी फिकट हिरवं दिसेल एवढंच घालायचं. पाणी नितळ झालं, म्हणजे जेवण संपलं, पुन्हा घालायचं. जास्त घातलं तर पाणी नासतं. शेवाळाची बाटली आणि कोपेपॉडची बरणी लांब ठेवावी लागते, नळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक थेंब जरी इकडचा तिकडे गेला तरी कोपेपॉड शेवाळाच्या बाटलीत शिरतात आणि अख्खं कोठार फस्त करतात.

आईला हे सगळं माझ्याआधी समजलं. ती म्हणाली, "अगं, हे तर विरजण." अगदी तेच आहे. थोडं काढायचं, थोडं राखायचं, आणि राखलेल्यातून पुन्हा वाढवायचं. आठवड्यातून एकदा पाव बरणी पाणी बारीक जाळीतून गाळतो. साधारण १२० मायक्रॉनच्या जाळीत मोठे कोपेपॉड अडकतात आणि पिल्लं खाली निसटून पुन्हा बरणीत जातात. दोन आठवड्यांच्या आत तीच पिल्लं मोठी होतात. आईच्याच सांगण्यावरून आम्ही एकाच्या तीन बरण्या केल्या आणि तीन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या. विरजण एकाच भांड्यात ठेवू नये, हा तिचा नियम.

आजीला मात्र हे अजिबात रुचलं नाही. तिचं माहेर मराठवाड्यातलं. बरणीत हलणारे ठिपके बघून ती म्हणाली, "हे नारूचे किडे आहेत. घरात नको."

मला वाटलं, आजीचा काहीतरी गैरसमज आहे. पण वाचल्यावर कळलं, की तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. नारूचा जंत माणसाच्या शरीरात जायचा तो सायक्लॉप्समधून, आणि सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं, की त्यातल्या सायक्लॉप्सबरोबर जंताच्या अळ्या पोटात जायच्या. साधारण वर्षभराने पायाला फोड यायचा आणि त्यातून हातभर किंवा त्याहून लांब जंत बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. आजीच्या थोरल्या भावाला नारू झाला होता, तेव्हा ऐन पेरणीत तो अंथरुणावर होता. त्या वर्षी घरात काय शिजलं आणि काय नाही, हे आजीला अजून आठवतं.

या रोगावर ना लस होती, ना जंत मारणारं औषध. तरी तो भारतातून गेला. पाणी दुहेरी कापडातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणं, विहिरीत औषध टाकणं, गावोगाव रुग्ण शोधणं, यातून तो गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. आमच्या बरणीतले खाऱ्या पाण्यातले आहेत, त्यांच्यात नारू नाही, आणि आता देशातच नारू नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही जे गाळून फेकायचो, ते तुम्ही गाळून ठेवता." तिने परवानगी दिली, पण अटी घालून. बरणीची जाळी, मग, चमचा स्वयंपाकघरात येणार नाही आणि पिण्याच्या पाण्यावर झाकण असेलच. दोन्ही अटी आम्ही पाळतो.

आणि मग मे महिना आला. रायपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ अंशांवर, दुपारी रस्ते ओस, घराघरांत कूलर. एका दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत वीज गेली. पंप बंद, कूलर बंद. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात बुडबुडेही थांबलेले. दुसऱ्या दिवशी दोन बरण्यांमध्ये काहीच हलत नव्हतं. वास सुटला होता.

तिसरी बरणी आजीच्या खोलीत होती. तिने दुपारीच तिला जुन्या सुती लुगड्याचा ओला तुकडा गुंडाळला होता आणि तो तासातासाने भिजवत होती. माठाला करतात तसं. कोरड्या हवेत ओलं कापड पाणी गार ठेवतं, हे तिला कुठे वाचावं लागलं नव्हतं. त्या बरणीत ठिपके अजून हलत होते. तिच्यातूनच आम्ही पुन्हा तीन बरण्या केल्या. पहिल्यासारखी गर्दी व्हायला तीन-चार आठवडे लागले. आता बॅटरीवर चालणारा पंपही घरात आहे.

ते तीन-चार आठवडे घरात मँडरिन असता तर? हा प्रश्न आमच्यापैकी कुणी मोठ्याने विचारला नाही, पण भाऊ त्या दिवसांत फार बोलत नव्हता.

मधल्या काळात त्याने आणखी बरंच वाचलं. बाजारात येणारे बहुतेक मँडरिन समुद्रातून पकडलेले असतात, हे त्याला तेव्हाच कळलं. समुद्रघोडा आणि दगडी प्रवाळ यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते घरी ठेवायचा विषयच नाही. आपल्या देशातही समुद्री शोभेच्या माशांची पैदास होते. केरळमध्ये विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे माशांच्या पिल्लांसाठी कोपेपॉड वाढवतात. नवी मुंबईत ऐरोलीलाही क्लाउनफिशची पैदास करणारं केंद्र आहे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं, की त्यांना कोपेपॉडच्या पिल्लांसारखं बारीक जिवंत खाणंच लागतं. म्हणजे खाणं पिकवता आलं तर मासा समुद्रातून उचलावा लागत नाही. आम्ही तात्यापाऱ्यातल्या एका खोलीत जे करतो, त्याचंच ते मोठं रूप.

या दिवाळीला बाबांचं वर्ष पूर्ण झालं. त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग, कधी आणायचा?" भाऊ यंदा दहावीला आहे. तो म्हणाला, "बोर्डाची परीक्षा होऊ द्या. पुढचा मे तिन्ही बरण्यांनी काढला, तर बघू. आणि तोही पैदास केलेला मिळाला तरच."

तोवर आठवड्याला गाळलेले कोपेपॉड दोन्ही क्लाउनफिशना मिळतात. त्यांना गरज नसते, पण ते टाकीच्या कोपऱ्यातून असे धावत येतात, की आजीही आता खुर्ची ओढून बघायला बसते.