गंगाखेडचें जातें

परभणीहून काळ्या रानांतून निघालों आणि गोदावरी ओलांडली, कीं गंगाखेड लागतें. संत जनाबाईंचें हें जन्मगांव. लहानपणींच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आल्या, आणि दळणकांडण करितां करितां त्यांनीं जात्याशीं येऊन दळूं लागणारा विठ्ठल अभंगांत आणिला. त्यांच्या मंदिराचें दर्शन मातोश्रींस घडावें, म्हणून आम्ही सहकुटुंब गेलों होतों. मातोश्रींची स्मृति अलीकडे मावळत चालली आहे. आमचें नांवही त्यांस नेहमीं आठवत नाहीं.

दर्शनानंतर यजमानांच्या ओसरीवर बसलों असतां मातोश्रींनीं कोपऱ्यांतील जुन्या जात्याचा खुंटा धरिला, आणि ओंवी सुरू झाली. एकही शब्द अडला नाहीं. आमच्या धाकट्या कन्येनें विचारिलें, "बाबा, हें आजीच्या लक्षांत होतं, कीं जात्याच्या?"

आम्ही हंसलों. नांवें विसरणाऱ्यासही पाठ गाणीं आणि हातवळणीं पडलेलीं कामें बराच काळ राहतात, असें वैद्य सांगतात. पण मुलीचा प्रश्न तेवढ्यानें सुटेना. दख्खनचा हा काळा दगड सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसांतून थिजला. पदार्थविज्ञान त्याचे गुणधर्म सांगतें. तो स्वतः आंतून काय आहे, याविषयीं तें मौन धरितें, हें बर्ट्रांड रसेल यांनीं १९२७ सालीं दाखविलें. मेंदूच्या हालचालींबरोबर अनुभव कां असावा, हा 'कठीण प्रश्न' डेव्हिड चाल्मर्स यांनीं १९९५ सालीं मांडिला. कांहीं तत्त्वज्ञ तर म्हणतात कीं, विद्युद्भाराप्रमाणें चैतन्यही सृष्टीचा मूळचाच धर्म आहे.

वाचकांस येथें ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' आठवेल. त्यांत जग हा चैतन्याचाच विलास आहे. परंतु 'हें आमच्याकडे आधींच होतें' म्हणून टाळी पिटण्याची घाई नको. ज्ञानेश्वर एका चैतन्यापासून अनेकाकडे येतात. या तत्त्वज्ञांस कणांकणांतून एक जाणीव उभी करावयाची आहे, आणि ती कशी, हें अद्याप कोणास उलगडलेलें नाहीं. दाणे कितीही दळले तरी त्यांचें पीठ होतें, दळणारी होत नाहीं.

निर्णय आमच्या आवांक्याबाहेरचा आहे. मात्र स्मृति गेली म्हणजे माणूस गेलें, असें त्या दिवसापासून आम्हांस म्हणवत नाहीं. माळ्यावरचें जातें खालीं काढिलें आहे. सकाळीं मूठभर जोंधळे घेऊन मातोश्री बसतात, आणि खुंट्यास दुसरा हात आम्ही लावितों.