घारापुरीची त्रिमूर्ती

सुट्टीचे दोन दिवस आम्ही मुलाकडे मुंबईस गेलो होतो. शनिवारी राजाबाई टॉवर आणि वस्तुसंग्रहालय पाहिले. त्यांपेक्षा गर्दीच अधिक लक्षात राहिली. रविवारी सकाळी गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने निघालो आणि सुमारे तासाभरात घारापुरीस पोहोचलो. शंभराहून अधिक पायऱ्या! आमची मंडळी वाटेत तीनदा टेकली. मी मात्र शाळकरी मुलासारखा पुढे धावत होतो.

लेण्यात शिरताच प्रथम काळोखच दिसला. डोळे सरावले, तशी समोरच्या कातळातून शिवाची ती प्रचंड त्रिमूर्ती हळूहळू प्रकट झाली. मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, शांत. एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल.

“आजोबा, तुम्ही हे शाळेत शिकवीत होता ना? तेव्हा पाहिले होते?” नातीने विचारले.

“नाही. चित्रावरूनच शिकवले.”

“मग मुलांना काय सांगत होता?”

“उंची २० फूट, काळ सहावे शतक.” एवढे बोलून मी थांबलो. हा काळोख मी कोणत्याच वर्गाला सांगितला नव्हता.

नातीने माझा हात धरून मला चार पावले मागे नेले. “येथे उभे राहा. तिन्ही मुखे एकदम दिसतात.”