गयेहून राजगीरला जाताना

मराठी माणसाला गया ठाऊक असते ती त्रिस्थळी यात्रेमुळे. काशी, प्रयाग आणि गया इथले विधी कसे करावेत हे सांगणारा ‘त्रिस्थळीसेतु’ सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी लिहिला. त्यांचं घराणं पैठणहून काशीला जाऊन राहिलेलं. विष्णुपद मंदिर आज दिसतं ते अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधून घेतलेलं. गयावळ पंड्याने गाव, कूळ, आजोबांचं नाव विचारून वही काढली तेव्हा दादाचा चेहरा एकदम सैलावला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. काकूचं गयाश्राद्ध करायचं त्याच्या मनात होतं. मी निव्वळ सोबतीला. मेल्यावर माणसाचं काही उरतं असं मला वाटत नाही, आणि हे दादाला पक्कं माहीत आहे.

गयासुराच्या अंगावर देवांनी यज्ञ केला, तो हलेना म्हणून विष्णूने त्याच्यावर पाय रोवला, ती ही जागा. गाभाऱ्यात चांदीच्या अष्टकोनी कठड्यात ते पाऊल आहे. त्यावर दूध, तुळस, पिंड यांची रास पडत राहते. बाहेर फल्गू. सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिला आणि साक्षीला उभी असलेली फल्गू खोटं बोलली, म्हणून तिला वाळूखालून वाहायचा शाप मिळाला, असं सांगतात. २०२२ मध्ये रबरी बंधारा झाल्यापासून घाटाशी पाणी असतं.

मला विसरता येणार नाही ती मातृषोडशी. सोळा पिंड, आणि एकेका पिंडाला आईच्या एकेका कष्टाचा उच्चार. पोटात वाढवताना सोसलेलं, बाळंतपणातलं, लेकरासाठी कडू औषधं प्यायलेली, रात्री ओल्या अंथरुणात काढलेली. गुरुजी प्रत्येक श्लोकाचा अर्थ हिंदीत सांगत होते. पाचव्या-सहाव्या पिंडाला दादाचा हात थांबला. जवाचं पीठ बोटांना चिकटलेलं, तीळ मनगटापर्यंत. शेजारच्या ओळीतले एक आजोबा, तेही कुणाचे तरी मुलगेच, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. काकूने मला न्हाऊमाखू घातलेलं आहे. परलोक मानत नसूनही मी ते सगळे श्लोक हात जोडून ऐकले, आणि त्यात मला कुठे विसंगती वाटली नाही.

पण गयेची हकिगत इथेच संपवली तर ती अर्धीच राहते. ज्या रामाने इथे पित्याचं श्राद्ध केलं असं परंपरा मानते, त्याच रामाला वाल्मीकींच्या अयोध्याकांडात जाबाली तोंडावर सांगतो की श्राद्धात अन्नाची नासाडी होते, मेलेला काय जेवणार! राम संतापतो, पण जाबालीचं बोलणं रामायणात राहिलं आहे. पुढे चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकाचा युक्तिवाद नोंदवला: इथे वाढलेलं परलोकी पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची? शंका बाहेरून आली, इंग्रजी शिक्षणाने आली, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

विष्णुपदाच्या दक्षिणेला ब्रह्मयोनी टेकडी आहे. बौद्ध परंपरेतलं गयाशीर्ष हेच. अग्निपूजा सोडून आलेल्या हजार जटाधारी तापसांना बुद्धाने इथे सांगितलं की डोळे, कान, मन, सगळंच जळतं आहे. तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, या प्रश्नाला मात्र त्याने कधीच उत्तर दिलं नाही. पुनर्जन्म मानूनही टिकणारा आत्मा नाकारणारी ही भूमिका पिंडाच्या कल्पनेपासून किती लांबची! आणि दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला बराबरच्या टेकड्यांकडे वळलो. अशोकाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी आजीविकांना इथल्या गुहा दिल्या, तसे लेख आहेत. स्वतः बौद्ध उपासक असलेला राजा, आणि दान दुसऱ्याच पंथाला. सुदामा गुहेत शिरून भिंतीवर बोट फिरवलं तर कठीण ग्रॅनाइट आरशासारखा गुळगुळीत. रखवालदाराने हाक मारली तर आवाज घुमतच राहिला. लोमश ऋषी गुहेची कमान बघून भाजे-कार्ले आठवतात: लाकडी छपराची हुबेहूब नक्कल, वर हत्तींची ओळ. आपल्याकडच्या चैत्यकमानींची ही थोरली बहीण. आजीविकांचं म्हणणं असं की दोऱ्याचा गुंडा फेकला की संपेपर्यंत उलगडतो, तसं प्रत्येकाला ठरलेल्या जन्मांतून जावंच लागतं. पुण्याने ते कमी होत नाहीत, पापाने वाढत नाहीत. म्हणजे पुनर्जन्म आहे, पण पिंडाने काही फरक पडत नाही. इथल्या काही लेखांतला ‘आजीविक’ हा शब्द कुणीतरी छिन्नीने खरवडला आहे. ती खरवड बघून मला फार वाईट वाटलं. मत पटत नसेल तर वाद घालावा, माणसाचं नाव कशाला पुसायचं?

राजगीर गयेपासून सुमारे ७० किलोमीटर. वैद्य जीवकाच्या आमराईचे म्हणून दाखवतात ते लंबगोल इमारतींचे दगडी पाये. बापाला मारून गादीवर बसलेला अजातशत्रू एका पौर्णिमेच्या रात्री इथे बुद्धाकडे आला, असं ‘सामञ्ञफलसुत्ता’त आहे. त्याने विचारलं ते परलोकाबद्दल नव्हे. संन्यासाचं याच जन्मात डोळ्यांना दिसेल असं फळ कोणतं, हा त्याचा प्रश्न. इतर आचार्यांनी काय सांगितलं होतं, तेही त्याने सांगितलं. संजय बेलट्ठिपुत्त म्हणे परलोक आहे असंही म्हणत नसे, नाही असंही नाही. केसांची घोंगडी पांघरणारा अजित केशकंबली मात्र निःसंदिग्ध होता: माणूस चार भूतांचा, मेला की माती मातीत जाते, चार खांदेकरी स्मशानापर्यंत नेतात, हाडं कबुतराच्या रंगाची होतात, आणि दिलेल्या आहुतींची राख उरते. शहाणा असो की मूर्ख, शेवट एकच.

त्या पायांशेजारच्या झाडाखाली मी हे दादाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. अजित ‘आई नाही, बाप नाही’ असंही म्हणाला, हे मी सांगितलं तेव्हा मात्र तो उसळला. “बाकीचं म्हणू दे त्याला. आई नाही म्हणजे काय?”

अजिताचं जवळपास सगळं मला पटतं, पण इथे मी दादाच्या बाजूची आहे. आईचं ऋण मानायला परलोक लागत नाही. मातृषोडशीतला प्रत्येक कष्ट याच लोकात झालेला आहे. अजिताला खरंच ते अमान्य होतं, की आईबापांची सेवा केल्याचं फळ पुढच्या जन्मी मिळत नाही एवढंच त्याला म्हणायचं होतं? त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवलं म्हणून. पडताळून बघावं तर त्याच्या बाजूने लिहिलेला एकही ग्रंथ उरलेला नाही.